पुसायचा आवाज

दिवसभर फोनवर मधाळ बोलणाऱ्या बाईच्या घशात एवढं लोखंड कुठून आलं, हा प्रश्न ‘गंज’ बँडमधल्या एकालाही सहा वर्षांत पडला नव्हता. पडणार कसा? त्यासाठी आधी माणसाकडे नीट बघावं लागतं, आणि वहिनीकडे बघायला या मंडळींना सवड होती कुठं! गिटारच्या तारा, ड्रमचे पडदे, स्पीकरमधली खरखर यांवर तासन् तास डोकं लावतील. वहिनी काय, घरचीच. घरच्या माणसाकडे कोण बघतं?

बँडही तसा घरचाच. वहिनीचा नवरा बेस गिटार वाजवायचा. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं त्याचं काम, आणि बोलणं इतकं कमी की गिऱ्हाईकांना तो मुकाच वाटायचा. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, शिवणयंत्रं दुरुस्त करायचे आणि गिटार वाजवायचे. बँडचे कर्तेधर्ते तेच, आणि हट्टी तर असे की एकेका सुरासाठी अख्खा रविवार खायचे. ड्रम्सवर नणंद. एक्स-रे केंद्रात ‘श्वास रोखा, हलू नका’ असं दिवसभर हळू आवाजात सांगायची आणि संध्याकाळी त्या ड्रम्सना असं बडवायची की शेजारचे दार ठोकायला यायचे. बाहेरचा माणूस एकच, तो म्हणजे गायक. त्याला सगळे वाघ म्हणत. पोटापाण्यासाठी तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाशेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हे आठ तास केल्यावर कुणीही गुरगुरेल. वाघ तर छानच गुरगुरायचा.

आणि वहिनी? वहिनी गाईड म्हणायची. आता हे गाईड काय असतं, तर गाणं रेकॉर्ड करताना ड्रम्स सगळ्यात आधी होतात. गाणं कुठवर आलंय हे ड्रमवाल्याला कळावं म्हणून कुणीतरी कच्चंपक्कं गायचं, ते त्याच्या कानात लावायचं, आणि पुढं खरा गायक गायला की कच्चं पुसून टाकायचं. वाघाची रविवारी शिकवणी असे. एका रविवारी वहिनी चहा घेऊन मागच्या खोलीत आली तेव्हा भाऊजी म्हणाले, वहिनी, दोन ओळी म्हणता का, नुसत्या खुणेपुरत्या. तिनं ट्रे खाली ठेवला आणि म्हटल्या. तेव्हापासून ‘गंज’चं प्रत्येक गाणं आधी तिच्या घशातून जायचं आणि मग पुसलं जायचं.

पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात तिची नोकरी. नळाला पाणी नाही, पाणी आहे तर गढूळ, मीटर उलटा फिरतोय. आणि जो तो असा बोलणार की जणू वहिनीनंच पहाटे उठून त्याचा नळ बंद केलाय. ‘आपली गैरसोय झाली, क्षमस्व’ असं दिवसातून दोनशे वेळा म्हणणाऱ्या बाईनं ते सगळं साठवायचं तरी कुठं? रविवारी माईकसमोर ती ते ओतून मोकळी व्हायची. घसा सोलून न घेता पोटातून कसं ओरडायचं हे तिचं तिनंच शोधून काढलं, आणि तिची गाईडं गाडीत लावून वाघ गाणी पाठ करायचा. श्वास कुठं घ्यायचा, शब्द कुठं फाडायचा, सगळं जसंच्या तसं. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

तर त्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता ‘गंज’चं पहिलंवहिलं सिंगल बाहेर पडणार होतं. गाण्याचं नाव ‘बिजागरी’. बारा वर्षं गोदामांतून आणि कॉलेजांच्या पटांगणांतून वाजवणाऱ्या बँडचं एक गाणं अखेर जगभर सगळीकडे एकदम ऐकू येणार होतं, आणि संध्याकाळी सहाला जुन्या छापखान्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. घरात सकाळपासून कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाऊजींनी दोन वेगळ्या चपला घातल्या. नणंदेनं ताटाच्या कडेवर चमच्यानं ताल धरला तो सासूबाईंनी चमचा काढून घेईपर्यंत.

बाराला पाच कमी असताना वहिनीनं शेजारच्या टेबलावरच्या बाईला लाइन सांभाळायला सांगितली आणि ती जुन्या रजिस्टरांच्या खोलीत शिरली. तिथं धुळीनं भरलेली पत्र्याची कपाटं आणि एक न फिरणारा पंखा. तिनं दार लोटलं, हेडफोन कानाला लावले. बारा वाजले. नणंदेच्या काठ्यांचे चार टोले पडले, गिटार करवतीसारखी सुरू झाली, नवऱ्याचा बेस पायाखालून आला, आणि मग आवाज.

अगं बाई, हा तर आपलाच आवाज!

पहिल्यांदा वाटलं, भास. मग वाटलं, वाघानं नक्कल इतकी हुबेहूब केली असेल. पण मग ती जागा आली. ‘उघड म्हणता मिटतं दार, मिट म्हणता करतं वार’, आणि त्यापुढं एकच शब्द, ‘उघड’, तो लांबवत न्यायचा. त्या आठवड्यात एका माणसानं चाळीस मिनिटं फोनवर तिचा उद्धार केला होता आणि शेवटी कळलं की त्यानं स्वतःच घरातला कॉक बंद ठेवला होता. तो सगळा माणूस वहिनीनं त्या ‘उघड’मध्ये घातला होता. एका दमात बावीस सेकंद. गाईडच तर होतं, कोण ऐकणार, म्हणून हातचं राखून काही ठेवलं नव्हतं. वाघाला काही ते जमलं नाही. त्यानं मध्ये श्वास घेऊन दोन तुकड्यांत ते म्हटलं होतं. आणि इथं बावीस सेकंद सलग, एक तुकडा, पुढं सगळी वाद्यं कोसळतात तिथपर्यंत.

गाणं संपलं तेव्हा ती कपाटाला टेकून उभी होती आणि चक्क हसत होती. मग तिनं हेडफोन काढले.

काय झालं असेल हे तिच्या लगेच लक्षात आलं. भाऊजी सहा आठवडे या गाण्याची जुळवाजुळव करत होते ती तिच्याच गाईडवर. वाघ गायला शेवटच्या आठवड्यात. एक ट्रॅक बंद करायचा, दुसरा चालू करायचा, एवढंच काम, तेवढंच राहिलं. बरं, नंतर त्यांनी तीनदा तपासून ऐकलं असणार. पण सहा आठवडे ज्या कानांनी एकच आवाज ऐकला, त्यांना तोच आवाज गाण्याचा वाटणार. दुसऱ्याच्या यंत्रात अर्ध्या दोऱ्याचा फरक ओळखणारा माणूस इथं साफ बहिरा ठरला.

तिनं भाऊजींना फोन लावला. ते तिला बोलूच देईनात. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन हजार लोकांनी ऐकलं, वाघानं कमाल केली, तो ‘उघड’ ऐकून दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं, असं काय काय सांगत सुटले. ती म्हणाली, भाऊजी, जरा ऐका. ते म्हणाले, वहिनी, तीनला हॉलवर या, तिथंच बोलू, आणि फोन ठेवला. घरच्या ग्रुपवर वाघानं लिहिलं होतं की स्वतःचाच आवाज ऐकून अंगावर काटा आला, आणि भाऊजींनी ते दोन तुकडे कॉम्प्युटरवर इतके बेमालूम जोडले की मानलं बुवा. धन्य आहे! माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येऊ नये? पण कौतुक समोर आलं की माणूस सही करून घेतो, पाकिटावर नाव कुणाचं ते बघत नाही. नणंदेनं नुसती जळत्या आगीची दहा चित्रं टाकली होती. नवऱ्यानं लिहिलं होतं, ‘ऐकलं.’

अर्धी रजा टाकून वहिनी बसमध्ये चढली तर पुढच्या बाकावर दोन मुली एकाच फोनला चिकटलेल्या. त्यांतली एक तोंड मिटून तो ‘उघड’ धरायला बघत होती आणि दुसरी सेकंद मोजत होती. अकरावर तिचा दम सुटला आणि दोघी खिदळायला लागल्या. वहिनीनं आपला फोन उघडला तर तिथं तेच. कोण कुठली माणसं, लाल तोंडं करून बावीस सेकंद ओरडायला बघत होती. एका रेडिओवाल्यानं ते दोनदा लावलं होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, हा माणूस आहे की भोंगा, याच्या फुप्फुसांना सलाम. याच्या! वहिनीला खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगावंसं वाटत होतं की याच्या नाही हो, माझ्या, ही इथं बसलेय मी पर्स मांडीवर घेऊन. सांगितलं नाही. पण स्टॉप येईपर्यंत तिचा पाय बेसच्या तालावर हलत राहिला.

घरी सासूबाई शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पेन्सिल चावत म्हणाल्या, “तुझं गाणं चांगलं झालंय. कान किटले, पण चांगलं झालंय.”

वहिनी दारातच थबकली. “आई, ते वाघभाऊजींचं आहे.”

“मला शिकवू नकोस. सहा वर्षं त्या मागच्या खोलीच्या भिंतीला माझी खाट आहे. तुझा आवाज मला कळत नाही होय?” मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “सांगितलंस का त्यांना?”

नव्हतं सांगितलं, आणि खरा पेच तोच होता. ज्या कंपनीमार्फत गाणं सगळीकडे गेलं होतं, ती पहिल्या दिवशी चारपर्यंत फाईल बदलू देत असे, नंतर नाही. आत्ता सांगावं तर भाऊजी चारच्या आत वाघाचा आवाज चढवणार आणि आपला पुसणार. गप्प बसावं तर आवाज राहणार, पण कायमचा वाघाचा म्हणून. वहिनीनं हे सगळं सासूबाईंना सांगितलं आणि सांगता सांगता तिला रडू आलं, रागाचं. एवढी वर्षं पुसलं तेव्हा काही वाटलं नव्हतं. ऐकलंच नव्हतं ना कधी आपण आपल्याला असं, सगळ्या वाद्यांच्या मधोमध! आता ऐकलं होतं, आणि आता ते सोडवत नव्हतं.

सासूबाईंनी सल्लाबिल्ला काही दिला नाही. म्हणाल्या, तीन वाजत आलेत, तोंड धू आणि नीघ.

छापखान्याच्या हॉलमध्ये शाईचा वास अजून होता. मंचावर तारांचं जाळं पसरलेलं, नणंद एकेक ड्रम ठोकून बघत होती, भाऊजी लॅपटॉप आणि फोन दोन्हीवर बोटं चालवत कुणाला तरी आकडे सांगत होते. चौदा हजार! वाघ तर जमिनीवर नव्हताच. त्याच्या जुन्या शिष्यांचे फोन येत होते, बायकोनं म्हणे पहिल्यांदा त्याचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. काळा शर्ट घालून तो असा चालत होता की हॉल त्याच्याच नावावर आहे. हे बघून वहिनीच्या जिभेवरचं वाक्य परत घशात गेलं. याच्या आनंदात माती कालवायची? वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

साडेतीनला त्यांनी ‘बिजागरी’ वाजवून बघायला घेतलं. वाघ सुरेख सुरू झाला. ती जागा आली. त्यानं छाती भरून घेतली, ‘उघड’ उचललं, आणि नवव्या सेकंदाला आवाज चिरकला. थांबले. परत घेतलं. या वेळी दहा. वाघ खोकत खाली बसला आणि म्हणाला, जाऊ दे, रेकॉर्डवर तू जोडलंस तसं इथं कसं होणार.

भाऊजी गोंधळले. “मी कुठं जोडलं? तूच सलग म्हटलंस ना?”

“मी? मी दोनदा म्हटलं होतं.”

भिंतीवरच्या घड्याळात चारला वीस मिनिटं होती. वहिनी हॉलच्या कडेला खुर्च्या मांडत होती. तिनं हातातली खुर्ची खाली ठेवली. आत्ता गप्प बसलं तर वीस मिनिटांत सगळं आपोआप मिटणार होतं. तिचा तिलाच आवाज आला, तक्रार कक्षातला नव्हे, पोटातला.

“ती मी आहे. गाईड गेलंय बाहेर.”

भाऊजींनी लॅपटॉपवर झडप घातली. ट्रॅक उघडले, एक बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नणंद ड्रम्समागून उठून आली. बघितलं आणि म्हणाली, तरीच मला ऐकताना नेहमीसारखं, कानात गाईड असल्यासारखं वाटत होतं. नवरा वहिनीकडे बघत होता, आणि बघायचं थांबेना.

वाघाचं तोंड बघवत नव्हतं. चार तास अभिनंदनं झेललेला माणूस तो. “बदल,” तो म्हणाला. “फाईल बदल. वेळ आहे अजून.”

भाऊजींनी मान डोलावली. चूक त्यांची होती, आणि चूक दिसली की पाच मिनिटं दम न धरणारा तो माणूस. वाघाची फाईल शोधून त्यांनी ती चढवायच्या पानावर आणून ठेवली. बोट बटणावर.

“पुसू नका,” वहिनी म्हणाली.

ती मंचावर कधी चढली तिलाही कळलं नाही. “सहा वर्षं पुसताय. मी कधी काही म्हटलं का? आज म्हणते. वाघभाऊजी, तुमचं नाव आहे तिथं, तुमचा हक्क आहे, सगळं कबूल. पण आधी दोन्ही ऐका. इथं, मोठ्या स्पीकरवर. मग तुम्ही म्हणाल ते.”

वाघानं खांदे उडवले. भाऊजींनी त्याचं गाणं लावलं. खोटं कशाला बोला, चांगलं होतं. दणकट होतं. ‘उघड’ आलं, सात-आठ सेकंद चाललं, श्वासाची फट पडली, परत सुरू झालं आणि संपलं. चारला अकरा मिनिटं. मग तिचं लावलं. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज असा आला की खुर्च्यांचे पाय फरशीवर थरथरले. ‘उघड’ सुरू झालं. दहा सेकंद, पंधरा. अठराव्याला वहिनीनं बघितलं तर सगळ्यांनी आपापला श्वास रोखून धरला होता. वाघानंसुद्धा. त्याचे गाल फुगले होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळ्यांत पाणी जमलं होतं आणि तो धरून होता. बावीसला वाद्यं कोसळली आणि त्याच्या तोंडातून हवा सुटली.

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग भाऊजींकडे न बघता म्हणाला, “गाडीत मी सहा वर्षं यांचीच नक्कल पाठ करतोय. नक्कल ठेवायची आणि अस्सल पुसायचं, हा कुठला न्याय?” नाक पुसून त्यानं आवाज चढवला. “लॅपटॉप मिट. पण बाकीची सात गाणी माझी आहेत. त्यांना कुणी हात लावला तर याद राखा.”

नणंदेनं आनंदानं अशी किंकाळी फोडली की बाहेरून रखवालदार डोकावून गेला. भाऊजी दोन्ही हातांत डोकं धरून हसत होते की रडत होते, सांगणं कठीण. चार वाजले. लॅपटॉप मिटलेलाच होता. मग वाघानं स्वतःच फोन काढला आणि गाण्याखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, मंडळी, हा आवाज माझा नाही, हा वहिनींचा आहे, ऐकायचा असेल तर सहाला या. लिहिताना त्याचा अंगठा दोनदा थांबला, हे वहिनीनं पाहिलं. पण त्यानं ते पाठवलं.

गायकाचं नाव तेवढं नंतरही बदलता येत असे. भाऊजींनी विचारलं, काय लिहू? वहिनीनं क्षणभर विचार केला. लहानपणचं नाव, कार्यालयातल्या ओळखपत्रावरचं नाव, सगळी होती की. पण ज्या नावानं तिला तिथं बोलावलं आणि पुसलं होतं, तेच तिला आता हवं होतं.

“वहिनी लिहा,” ती म्हणाली. “भाऊजी, पुढं-मागं काही लावू नका.”

सहाला हॉल भरला. भरला म्हणजे काय, खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या. दाढीवाले, जटावाले, कोपरापर्यंत गोंदवलेले, कवट्यांचे शर्ट घातलेले धटिंगण, त्यांच्या मैत्रिणी, आणि पहिल्या रांगेत कानात कापूस घालून सासूबाई. वाघानं चार गाणी अशी म्हटली, अशी म्हटली की आयुष्यात म्हटली नसतील; त्याला काही सिद्ध करायचं होतं आणि ते त्यानं केलं. मग त्यानं माईक स्टँडवर ठेवला, चार पायऱ्या उतरून तो गर्दीत जाऊन उभा राहिला, आणि ओरडायला सुरुवात त्यानंच केली.

“वहिनी! वहिनी!”

शेजारच्या जटावाल्यानं उचललं. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता चारशे दांडगी माणसं मुठी वर करून छपराकडे ओरडू लागली, वहिनी, वहिनी, वहिनी, आणि ती कार्यालयातल्या कपड्यांतच पडद्यामागून बाहेर आली. हे नुसतं मंचावरचं नाव आहे असं त्या लोकांना वाटलं असेल तर वाटो. ती गेली नऊ वर्षं वहिनीच होती. नवऱ्यानं माईकची उंची तिच्या तोंडाला येईल अशी बसवली, आणि बाजूला होताना, दुपारच्या त्या ‘ऐकलं’नंतर पहिल्यांदाच, बोलला.

“मला बाराला पहिल्याच शब्दाला कळलं होतं. तू बोलायची वाट बघत होतो.”

“आणि नसते बोलले तर?”

“तर मी बोललो असतो,” तो म्हणाला आणि आपल्या जागी गेला.

हे वाक्य ऐकून त्याला मिठी मारावी की बेस हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावा, हे वहिनीला ठरवता येईना. पण नणंदेचे चार टोले पडले होते, समोर चारशे माणसं ‘उघड’साठी श्वास भरून उभी होती, आणि वहिनीनं तो सगळा राग आणि सगळा आनंद पोटात खाली ओढून घेतला आणि तोंड उघडलं.